नग क्रमांक ४१२ च्या मागील झाकणाबाबत

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
गृहोपयोगी वस्तू तक्रार व संकलन कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : नग क्र. ४१२ (जुना फ्रिज, एक दार, रंग फिकट निळा) याचे मागील झाकण वीस मिनिटे उघडून पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ६ मे. २) आपले उत्तर, दि. १५ मे. ३) माझा अर्ज, दि. २० मे. ४) आपले उत्तर, दि. २९ मे.

महोदय,

१. हा माझा तिसरा अर्ज. पहिल्या अर्जात मी एक खोटे विधान केले होते. ते मागे घेतल्याशिवाय पुढचे काही मागणे योग्य होणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझे वडील गेल्या वर्षी जानेवारीत गेले. आमच्या घराच्या जिन्याखाली त्यांचे घरगुती यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान होते आणि सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणून ओळखे. ते गेल्यानंतर मार्चमध्ये आमची जुनी इस्त्री बंद पडली, एप्रिलमध्ये मिक्सर, आणि या वर्षी एप्रिलअखेरीस फ्रिज गार करीनासा झाला. इस्त्री सव्वीस वर्षांची, मिक्सर एकोणतीस वर्षांचा, फ्रिज एकतीस वर्षांचा. त्यांच्या जागी आणलेल्यांपैकी पहिली नवी इस्त्री पाच महिन्यांत गेली, तिच्या बदल्यात कंपनीने दिलेली दुसरी सात महिन्यांत. नवा मिक्सर तेरा महिने चालला. त्याची हमी बारा महिन्यांची होती.

२. मी छापखान्यात मुद्रिते तपासते. शंका घेणे हेच माझे काम आहे, आणि एकच चूक एकाच जागी तीनदा दिसली तर ती चूक नसते हे मला कामाने शिकवले आहे. नव्या मिक्सरच्या तळाशी चार स्क्रू आहेत. त्यांची डोकी तिकोनी आहेत, आणि वडिलांच्या पेटीतल्या अठ्ठावीस पेचकसांपैकी एकही त्यांना लागत नाही. चौथ्या स्क्रूवर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर छापले आहे की ही पट्टी फाटल्यास हमी संपेल. स्क्रू निघाले तरी तळ निघणार नाही, कारण कडेने तो डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेला आहे. जी वस्तू उघडू नये म्हणून एवढे कष्ट घेतले आहेत, तिच्या आत काहीतरी पाहण्यासारखे असणार, असा मी निष्कर्ष काढला. कंपनीचा दुरुस्तीवाला आला तेव्हा मी त्याला हेच विचारले. तो हसला. "ताई, हे उघडायचं नसतं, बदलायचं असतं," असे म्हणून त्याने मला नव्या मिक्सरचे रंगीत पत्रक दिले. ते त्याच्या खिशात आधीपासून घडी घालून तयार होते. यंत्र पाहण्याआधीच त्याला निदान कसे ठाऊक होते, हा प्रश्न मी पहिल्या अर्जात विचारला होता. त्याचे उत्तर मिळालेले नाही.

३. त्याच अर्जात, जुन्या वस्तू चांगल्या आणि नव्या मुद्दाम अल्पायुषी हे दाखवण्यासाठी, मी असे लिहिले होते : "आमच्या घरातील मिक्सर व फ्रिज ही उपकरणे अनुक्रमे एकोणतीस व एकतीस वर्षे एकदाही दुरुस्ती न होता अव्याहत चालली." आपण उत्तरात कळवलेत की असे होणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, पुरावा जोडावा. मला राग आला. मी त्या घरात वाढले आहे, आपण नाही. एकही दिवस मला मिक्सर बंद दिसला नव्हता. तेव्हा पुरावा देऊनच टाकू, असे मी ठरवले.

४. जुना मिक्सर सुदैवाने घरातच होता. मी तो टाकून द्यायला सांगितला होता, पण आईने तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता आणि मला सांगितले नव्हते. माझा बेत साधा होता. ज्या स्क्रूला कधी पेचकस लागलेला नाही त्याची खाच कोरी असते. ती कोरी खाच दाखवणारे छायाचित्र काढून आपल्याला पाठवायचे.

चारही खाचा झिजलेल्या होत्या. झिजलेल्या, स्वच्छ आणि तेल लावलेल्या. पेचकस लावताच स्क्रू मुकाट फिरले.

तळाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला टोच्याने कोरलेल्या बारीक ओळी होत्या. अक्षर वडिलांचे. एकूण एकोणीस नोंदी, प्रत्येकीत तारीख, बिघाड, आणि काय केले ते. पहिली नोंद मिक्सर आणल्यापासून दीड वर्षाने झालेली. बाबांनी गिऱ्हाइकांच्या यंत्रांतही अशा नोंदी ठेवल्या होत्या, हे मला नंतर कळले. पुढच्या मिस्त्रीला आधीचे माहीत असावे, म्हणून. पण आमच्या मिक्सरमधल्या प्रत्येक नोंदीपुढे आणखी थोडा मजकूर होता. तीन नोंदी इथे उतरवते, कारण त्यांच्याशिवाय माझी मागणी आपल्याला समजणार नाही.

"वायर बदलली. पोरगी दोन दिवस रुसलीय, कारण सांगत नाही."

"बुश. पोरीने पहिल्या पगारात नवा मिक्सर आणते म्हटलं. नको म्हटलं. हा अजून ऐकतो."

शेवटची, ते जाण्यापूर्वी तीन महिने : "हात थरथरतो. कार्बन नीट बसले नसतील. बंद पडला तर काढून, फिरवून लावणे. घाबरू नये."

मी मोटरीतले कार्बनचे दोन्ही तुकडे काढून, फिरवून लावले. मिक्सर चालू आहे. याच मिक्सरविषयी गेल्या वर्षी कंपनीच्या त्याच दुरुस्तीवाल्याने "मोटर जळाली, आता याला फुलं वाहा" असे सांगितले होते, आणि तेही तळ न उघडता.

५. मी तो पत्रा घेऊन आईकडे गेले आणि विचारले, तुला हे माहीत होते का. ती भाजी निवडत होती. "मग तुला काय वाटलं," ती म्हणाली, "आपोआप चालत होतं?"

वडील ही कामे मी शाळेत, पुढे छापखान्यात गेले की करीत. मी येईपर्यंत यंत्र जागेवर. दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात काही बंद पडलेले दिसू नये, असा त्यांचा हट्ट होता, आणि तो त्यांनी माझ्यापुरता तडीस नेला. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ताबडतोब आपले यंत्र उलटे करायला लावले. आत लिहिले होते : "पट्टा बदलला. बाई यंत्राशी भांडतात." काकू म्हणाल्या, "भांडते तर भांडते! ते तरी उलटून बोलत नाही. मेल्यानं मला कधी तोंडावर सांगितलं नाही," आणि मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या.

तेव्हा, महोदय, "एकदाही दुरुस्ती न होता" हे विधान मी मागे घेते. आपले म्हणणे बरोबर होते. जुन्या वस्तू टिकत नव्हत्या. त्यांना टिकवणारे कोणीतरी घरात होते आणि त्या वस्तू त्याला आत येऊ देत होत्या, एवढेच. नव्या वस्तूंवरचा माझा संशय मात्र यामुळे कमी झालेला नाही. तो आता नेमका झाला आहे. त्या लवकर बिघडतात ही माझी तक्रार उरली नाही. त्या दार लावून घेतात, ही आहे.

६. आता फ्रिज. बाबा जाण्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबरात, एका दुपारी ते फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्या मागे जाऊन बसले. मी त्या दिवशी घरीच होते. एका पुस्तकाचे शेवटचे फर्मे संध्याकाळी द्यायचे होते. मी विचारले, काय करताय. ते म्हणाले, "दाराचं रबर बघतोय. जरा टॉर्च धर गं." मी मान वर न करता म्हटले, "उद्या बघा ना, बाबा." त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. आई सांगते की ते दीड तास मागे होते आणि टॉर्च त्यांनी दातांत धरली होती.

दाराचे रबर फ्रिजच्या पुढच्या बाजूला असते. मागे नसते. शंका घेणे हे जिचे काम, तिला ही गोष्ट अठरा महिने खटकली नाही. मिक्सरचा पत्रा वाचल्यावर त्याच क्षणी खटकली. मागच्या बाजूला, खाली, सात स्क्रूंनी बसवलेले दीड हात रुंद झाकण आहे. एकतीस वर्षांच्या नोंदी त्याच्या आत आहेत, आणि शेवटची त्या दुपारची.

आणि हा फ्रिज मी २ मे रोजी, नव्याच्या बदल्यात जुना देण्याच्या योजनेखाली, स्वतः सही करून देऊन टाकला होता. आई दारात उभी राहून म्हणाली, "एकदा उघडून तरी बघू." मी तिला म्हटले, आपल्या घरात आता उघडणारे कोण आहे.

७. झाकणाविषयी कळण्याआधीच, नव्या वस्तूंविरुद्धचा पुरावा म्हणून, मी दुसऱ्या अर्जात हा फ्रिज राखून ठेवण्याची विनंती केली होती. त्यावर आपण २९ मे रोजी कळवलेत : "सदर नग तोडून निकाली काढण्यात आला आहे. प्राप्त वजन ४३ किलो." झाकणाविषयी कळले ते त्यानंतर तीन दिवसांनी. त्यापुढचे एकवीस दिवस मी कसे काढले हा या अर्जाचा विषय नाही.

पण ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि फ्रिज देताना मिळालेल्या पावतीशी ताडून पाहिले. पावतीवर, म्हणजे तोडण्याआधी, वजन ४३ किलो आहे. तोडल्यानंतरही ४३ किलो. दाराचे रबर, आतली प्लास्टिकची फळी, बर्फाचा कप्पा, भिंतींमधला कापूस, हे सगळे वेगळे काढल्यावरही वजन एका छटाकाने घटले नाही. अंकांची इतकी एकवाक्यता मला मुद्रितांत कधी आढळत नाही. म्हणून २२ जून रोजी मी तोडल्याच्या दाखल्याची प्रत मागण्याचे निमित्त करून आपल्या संकलन केंद्रात गेले.

८. केंद्रातील काटेवाल्यांनी मला वजनकाट्याच्या खोलीत बसवले. बाहेर ऊन फार होते. ते म्हणाले, "पाणी घेता का ताई? गार आहे." कोपऱ्यात फुलाफुलांच्या पडद्याखाली एक फ्रिज होता. त्यांनी पडदा बाजूला करून बाटली काढली. मी पाणी पीत असताना फ्रिज बंद झाला. बंद होताना तो तीनदा थरथरला, थांबला, आणि मग एकदा खाकरल्यासारखा आवाज करून शांत झाला. हा आवाज मी एकतीस वर्षे ऐकला आहे. शिवाय दाराची मूठ लाकडी होती. मूळची तुटल्यावर वडिलांनी आमच्या कपाटाच्या खणाची काढून बसवली होती. ते कपाट आजही घरी आहे आणि त्याच्या तिसऱ्या खणाला मूठ नाही. कार्यालयास हवे असल्यास तपासून पाहावे.

मी विचारले, हा फ्रिज कुठला.

काटेवाले म्हणाले, "हा? हा इथलाच. पहिल्यापासून." मग त्यांना राहवले नाही. "ताई, काय चीज आहे! लोक काय देऊन टाकतात बघा. नुसती एक तार सुटली होती. झाकण काढलं, लावली, झालं. नवीन असता तर उघडलाच नसता."

मी विचारले, झाकणाच्या आत काही लिहिले होते का. ते म्हणाले, "असेल. मला चष्मा लागतो आणि तो घरी असतो." मी मागे जाऊन पाहू का असे विचारताच मात्र त्यांचा चेहरा बदलला. साहेबांच्या लेखी परवानगीशिवाय मागे जाता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे आपल्या. म्हणून हा अर्ज.

९. माझी अडचण आपल्या लक्षात येईल. जो नग तोडून निकाली निघाला आहे त्याचे झाकण उघडण्याची परवानगी आपण लेखी देऊ शकत नाही, आणि लेखी परवानगीशिवाय मला त्याच्या मागे जाता येत नाही. मी यावर विचार केला आहे. परवानगीपत्रात फ्रिजचा उल्लेख करण्याची गरज नाही. "वजनकाट्याच्या खोलीतील कोपऱ्याच्या भिंतीची पाहणी" एवढे लिहिले तरी माझे काम होईल. भिंतीकडे जाताना वाटेत जे येईल ते मी हलवीन आणि पुन्हा जागेवर ठेवीन.

१०. आपल्या मनात शंका येऊ नयेत म्हणून काही गोष्टी स्पष्ट करते, कारण शंकांचा मला बराच अनुभव आहे.

फ्रिज मला परत नको. नोंदवहीतील नोंदीविषयी माझी तक्रार नाही आणि ती दुरुस्त करण्याचीही गरज नाही. मी आयुष्यात दुरुस्त न करता सोडलेली ही पहिली चूक आहे. काटेवाल्यांवर कोणतीही कारवाई होऊ नये, ही विनंती मी मागणीइतक्याच कळकळीने करते. या सबंध प्रकरणात आधी उघडून पाहणारे आणि मग मत देणारे ते एकटेच भेटले. माझा क्रम उलटा होता. पाणी काढताना दार उघडले तेव्हा दुसऱ्या फळीवर एक स्टीलचा डबा होता आणि त्यावर "साहेब" अशी चिठ्ठी होती, हे मी पाहिले. त्याविषयीही मी काही विचारत नाही. फळी स्वच्छ होती. डबा गार राहत असेल याचे मला समाधान आहे.

त्या झाकणावर माझ्याविषयी काही लिहिलेले असेलच असे मी धरून चाललेले नाही. "तार ढिली. उद्या बघू" एवढेच असू शकेल. पोरीने टॉर्च धरली नाही, असेही असू शकेल. जे असेल ते मला वाचायचे आहे. काटेवाल्यांच्या चष्म्याइतक्या भरवशावर ते सोडवत नाही. शिवाय पुढच्या वेळी काही सुटले आणि झाकण उघडले, तर कोणी घासून पुसून स्वच्छ करील. स्वच्छ माणसांची मला फार भीती वाटते.

११. तरी विनंती की, कार्यालयाच्या सोयीने कोणत्याही कामाच्या दिवशी मला वीस मिनिटे द्यावीत. पेचकस मी आणीन. कोणता, ते मला ठाऊक आहे. सात स्क्रू काढून वाटीत ठेवीन, मजकूर उतरवून घेईन, पाणी वाहून नेणारी मागची नळी साफ करीन (ती दर उन्हाळ्यात तुंबते, आणि या उन्हाळ्यात कोणी काढलेली नसावी), सुटलेली तार पक्की आहे का पाहीन. मग शेवटच्या नोंदीखाली त्या दिवसाची तारीख आणि केलेले काम टोच्याने लिहीन, आणि सातही स्क्रू मोजून लावीन. मागच्या पंधरवड्यात मी काकूंच्या यंत्रावर आणि एका शेजाऱ्याच्या पंख्यावर सराव केला आहे. पंखा चालू आहे.

त्या कोपऱ्यात उजेड कमी आहे. टॉर्च मी आणीन. ती धरायला एखादे माणूस मिळाल्यास उपकार होतील. त्या वेळी सगळे आपापल्या कामात असतील, तर मी कोणालाही दुसऱ्यांदा हाक मारणार नाही. दातांत धरीन.

"आपली विश्वासू" असे लिहिण्याची पद्धत आहे. तेवढे आज लिहवत नाही.

आपली नम्र,

(सही)
जिन्याखालच्या मिस्त्रींची मुलगी

दिनांक : २८ जून

सोबत :
१. आपल्या दि. २९ मेच्या उत्तराची प्रत. "४३ किलो" खाली रेघ माझी आहे. ती दुर्लक्षित करावी.
२. मिक्सरच्या तळावरील एकोणीस दुरुस्त्यांची हस्तलिखित यादी. प्रत्येक नोंदीचा उत्तरार्ध घरगुती असल्याने गाळला आहे. अर्जात उतरवलेले तीन सोडून.
३. कपाटाच्या तिसऱ्या खणाचे छायाचित्र, मुठीविना.
४. दाराच्या रबराची एक नवी पट्टी. ही वडिलांच्या दुकानात, त्यांच्या हाताने मापात कापून, "घरचा फ्रिज" अशी चिठ्ठी लावून ठेवलेली सापडली. म्हणजे रबरही ते बघतच होते. ती काटेवाल्यांकडे द्यावी. पुढून बसवायची आहे. त्यासाठी परवानगी लागू नये.